त्याच मापाचा टायर

सरूबाई गेल्याचं कारभारीला कळलं तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजले होते, आणि त्याच्या मोटारसायकलला मागं नवा कोरा टायर होता.

पडेगावच्या घरासमोर माणसं उभी होती. कुणाच्या दारात माणसं अशी गप्प उभी राहिली की त्याचा अर्थ एकच असतो. तरी कारभारीनं गाडी नीट स्टँडवर लावली, हँडल लॉक केलं, किल्ली खिशात टाकली. थोरला भाऊ पुंडलिक देवगाव रंगारीहून येऊन पायरीवर बसला होता. तो उठला आणि त्यानं कारभारीच्या खांद्यावर हात ठेवला. मग आतून गोकुळ आला. एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा.

"आत्ताच गेली, अण्णा," तो म्हणाला. "अर्धा तास झाला असंल. पाच वाजेपर्यंत तुमचंच चाललं होतं. 'आले का, आले का' म्हणत होती."

कारभारी आत गेला. सरूबाईचा हात हातात घेतला तर तो गार होता. नोव्हेंबरचे दिवस आहेत, गार लागणारच, असं त्याला वाटलं. मग त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही, एवढंच शिरलं, की वाटेत टायरपायी दोन तास गेले. ते दोन तास गेले नसते तर तो सव्वाचारला घरी आला असता. पाचला ती बोलत होती.

कारभारी औरंगाबादच्या औरंगपुऱ्यातल्या एका वजनकाट्याच्या दुकानात पंचवीस वर्षं नोकरी करत होता. दुकानानं विकलेले काटे बीड, धाराशिव, सोलापूरपर्यंत गेलेले होते, आणि ते बिघडले की दुरुस्तीला कारभारी जायचा. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या, त्यात काटा तपासायची लोखंडी वजनं, सगळी मिळून वीस किलो. महिन्यातून दोनदा सोलापूर. जाताना तीनशे किलोमीटर, येताना तीनशे. रस्ता चौपदरी झाल्यापासून तर सरळच सरळ. वळण नाही, खड्डा नाही, आणि कारभारीला तो रस्ता आवडायचा.

पण सरळ रस्ता टायर मधून खातो. घाटातून फिरणाऱ्या गाडीचा टायर सगळीकडून सारखा झिजतो. हायवेवरच्या गाडीचं तसं नाही. मधल्या पट्ट्यावरच सगळं ओझं, तोच पट्टा तापतो, तोच घासतो. कडेची नक्षी मात्र शाबूत राहते. त्यामुळं गाडीच्या शेजारी उभं राहून बघणाऱ्याला टायर चांगलाच दिसतो. कारभारी नेहमी शेजारी उभं राहूनच बघायचा.

दिवाळीला दोघं देवगावला पुंडलिककडं गेले होते. दारात गाडी थांबली तशी सरूबाई मागून उतरली, पदर सावरला आणि वाकून टायरकडं बघत राहिली.

"अहो, हा टायर गोटा झालाय."

"कुठं गोटा? नक्षी दिसतीय की."

"कडेनं बघता तुम्ही. मागून बघा, मागून. मधी सगळं टक्कल पडलंय, तुमच्यासारखं."

पुंडलिकची बायको फिसकन हसली. कारभारीही हसला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सोलापूरची फेरी करून येतो, मग घालतो नवा."

त्या फेरीत ते घडलं. येताना बीडच्या मोंढ्यात एका आडत्याचा काटा दुरुस्त करून कारभारी दीडच्या पुढं निघाला. गेवराईला चहाला थांबला तर गोकुळचा फोन आला. सव्वादोन वाजले होते.

"अण्णा, आई सिरियस आहे. डॉक्टर घरी आलेत. तुम्ही या. पण सावकाश या."

एवढं बोलणं झालं आणि फोनची बॅटरी संपली. कारभारी सावकाश कशाला जातो. शहागडचा पूल त्यानं सत्तरच्या वेगानं ओलांडला आणि पुलाच्या पुढं दोन-तीन किलोमीटरवर गाडी मागून सापासारखी हलायला लागली. हवा गेली होती. वीस किलो वजनं लादलेली गाडी त्यानं उन्हातून अर्धा तास ढकलली. दोन एसट्यांना हात दाखवला, पण हायवेवर हात दाखवून एसटी कुठं थांबते? मग पाचोडच्या अलीकडं एक ट्रकचा टायर रस्त्याकडेला रोवलेला दिसला. त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, 'मुख्तार पंक्चर'.

मुख्तारभाई साठीचा माणूस, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यानं चाक काढलं, टायर उलटा करून बघितला.

"काच हाये, बारीक. नखाएवढी बी नाय. टायर धड असता तर आत घुसलीच नसती. हे बघा, आतलं कापड दिसायलंय. किती फिरवला हा?"

"भाई, लवकर करा. घरी बायको सिरियस आहे. तुमचा फोन द्या जरा."

कारभारीनं मुख्तारच्या फोनवरून घरी फोन लावला. टायर गेला म्हणून सांगितलं. गोकुळनं कुठं आहात ते विचारलं. मग म्हणाला, "त्या टायरवाल्याला द्या फोन. किती वेळ लागतो ते मी विचारतो." मुख्तार फोन कानाला लावून दुकानामागच्या लिंबाखाली गेला. इकडं पाठ करून बराच वेळ बोलत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "ट्यूब बदलून भागणार नाय. टायरच बदलावा लागल. तुमच्या मापाचा नाय माझ्याकडं. पाचोडहून मागवतो."

"तो काय टांगलाय वर?" कारभारी म्हणाला. छपराखाली तारेला एक नवा टायर टांगलेला होता, त्याला पिवळी पट्टी गुंडाळलेली.

"त्यो दुसऱ्या मापाचा हाये."

मग दोन तास. मुख्तारनं चहा पाजला. आतून त्याची बायको जाहेदा खिचडीची ताटली घेऊन आली, ती कारभारीनं तशीच ठेवली. दर पाच मिनिटांनी तो विचारायचा, "आला का?" आणि मुख्तार म्हणायचा, "येतोय." मध्येच मुख्तार दुसऱ्या कुणाच्या ट्रॅक्टरचं पंक्चर काढत बसला. शेवटी कारभारी नळावर तोंड धुवायला गेला. येऊन बघतो तर गाडीला टायर चढलेला. पाच वाजून गेले होते. वर मुख्तारनं बजावलं, "नव्या टायरवर मेण असतं. घसरतो. पहिले शंभर किलोमीटर पन्नासच्या वर जाऊ नका. आन् जोरात ब्रेक दाबू नका." आणि कारभारी, मूर्ख, पन्नासनं आला.

असे ते दोन तास.

दहाव्यापर्यंत येईल त्याला गोकुळ सांगत राहिला, "आई शेवटपर्यंत अण्णांचं नाव घेत होती." ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. पुंडलिक म्हणाला, "भाग्याची होती, नवऱ्याचं नाव ओठावर घेऊन गेली." कारभारी मान हलवायचा. त्याला दुसरंच दिसायचं. ती कॉटवर पडलीय, दाराकडं बघतीय, आणि आपण छपराखाली बसून 'आला का, आला का' करतोय. दोघांच्या तोंडी एकच शब्द. तिचा नवऱ्यासाठी आणि आपला टायरसाठी.

वर्षभर त्यानं सोलापूरचा रस्ता टाळला. दुकानातल्या कृष्णाला सांगितलं, "तू सोलापूर बघ, मी जालना-कन्नड बघतो." कृष्णानं का म्हणून विचारलं नाही. आणि कारभारीला टायर बघायचं वेड लागलं. गल्लीत उभ्या असलेल्या दर गाडीच्या मागं जाऊन वाकायचा, मधल्या पट्ट्यावर अंगठा फिरवायचा, मग मालकाच्या दारात जाऊन सांगायचा, बदलून घ्या. सुरुवातीला लोकांनी ऐकून घेतलं. नंतर शेजारचा रामकिसन त्याला लांबून बघूनच ओरडायचा, "कारभारी आले रे, टायर झाका!" औरंगपुऱ्यात एकदा एका पोलिसाच्या गाडीमागं वाकलेला सापडला, तेव्हा दुकानाच्या मालकाला येऊन सोडवावं लागलं.

वेड एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण जसजसे महिने गेले तसतसा त्याच्या डोळ्यांपुढं तो तारेवरचा टायर यायला लागला. पिवळी पट्टी. पट्टीच्या फटीतून दिसणारा आकडा. त्या दिवशी त्याचं लक्ष नव्हतं, पण डोळ्यांनी तो आकडा बघितला होता. पंचवीस वर्षं काट्यावरचे आकडे वाचणारा माणूस तो, आकडा विसरत नाही. तो आकडा त्याच्या गाडीच्या मापाचा होता. जितकं आठवावं तितकं नक्की वाटायचं. मग त्या माणसानं नाही का म्हटलं? त्याच्याकडं टायर होता आणि तरी त्यानं दोन तास बसवून ठेवलं? कशासाठी?

दर रात्री झोपण्यापूर्वी कारभारी मुख्तारला एक नवी शिवी द्यायचा. त्याशिवाय झोप येत नसे, आणि दिल्यावरही येत नसे.

पुढच्या डिसेंबरात कृष्णाच्या मुलीचं लग्न निघालं आणि सोलापूरची फेरी कारभारीवर आली. नाही म्हणता येईना. गोकुळनं ऐकलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

"एसटीनं जा ना, अण्णा."

"वीस किलो वजनं घेऊन एसटीनं?"

"मग पोचल्यावर फोन करा. बीडला करा. गेवराईला करा. निघताना करा."

"गावागावाला फोन करतो. बँडबाजा बी पाठवतोस का संगं?"

सून सायली हसली. गोकुळ हसला नाही.

जाताना कारभारी पलीकडच्या लेननं गेला. रोवलेला ट्रकचा टायर आला तेव्हा त्यानं मान वळवली नाही. पण परत येताना बीडपासूनच तो मैलाचे दगड मोजायला लागला. शहागडचा पूल गेला. त्यानं वेग कमी केला. विचारायचंच, असं त्यानं ठरवलं. एकच प्रश्न. हो म्हणाला तर त्याच्या तोंडावर थुंकायचं आणि निघून यायचं. नाही म्हणाला तर निदान तेवढं तरी मनातून जाईल.

मुख्तार दुकानापुढं पाटावर बसून एक ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवत होता, बुडबुडे कुठून येतात ते बघत. चष्म्याची दोरी तीच.

"हवा बघू का?"

"हवा ठीक आहे. एक विचारायचं होतं."

"इचारा."

"मागल्या साली नोव्हेंबरात इथं थांबलो होतो. मागचा टायर गेला होता."

मुख्तारनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग गाडीला लटकवलेल्या पिशव्यांकडं. ट्यूब घमेल्यात सोडून तो उठला. हात पुसले.

"वजनवाले. औरंगाबादचे. या, बसा ना."

"बसत नाही. त्या दिवशी वर एक टायर टांगलेला होता. पिवळ्या पट्टीचा. तो माझ्या मापाचा होता का नव्हता, तेवढं सांगा."

"व्हता," मुख्तार म्हणाला.

कारभारीला वाटलं होतं की तो टाळाटाळ करेल, आठवत नाही म्हणेल. त्यासाठी त्यानं वर्षभर उत्तरं तयार ठेवली होती. सरळ 'व्हता' ऐकल्यावर थुंकायचं राहूनच गेलं.

"तोच तर घातला तुमच्या गाडीला," मुख्तार म्हणाला आणि मागच्या चाकाकडं बोट केलं. "हा काय. पाचोडहून काय बी आलं नव्हतं. तुम्ही नळावर गेला, तेव्हा चढवला."

"अरे, माझी बायको तिकडं शेवटचे श्वास घेत होती आणि तू मला..."

"भाई, तुमची बायको तिकडं दीडलाच गेली व्हती."

रस्त्यावरून एक कंटेनर गेला. "काय?" कारभारी म्हणाला. मग मुख्तारचा चेहरा हळूहळू बदलला.

"घरच्यांनी सांगितलं नाय तुम्हाला अजून?"

कारभारीनं मान हलवली, नाही म्हणून.

"या अल्ला," मुख्तार म्हणाला आणि पाटावर बसला. "मला वाटलं, वर्ष झालं. सांगून टाकलं असंल. माफ करा भाई. माझ्या तोंडाला कुलूप नाय."

"काय सांगितलं असंल? नीट सांग."

"तुमच्या पोरानं फोनवर मला सांगितलं. लिंबाखाली. सव्वातीन वाजले व्हते. 'आई गेली, दीड वाजता. अण्णांना फक्त सिरियस म्हणून सांगितलंय. तुम्ही बी काय बोलू नका.' आता ते काय नवीन हाये का भाई? फोनवर गेली असं कोण सांगतं? आमच्यात बी तसंच. तबियत नरम हाये म्हणायचं, आन् माणूस समजून घेतं."

"मी नाही समजलो."

"तुम्ही नाय समजला," मुख्तारनं कबूल केलं. "मी बघितलं ना. तुम्हाला चाकाचा नट सुद्धा उचलता येत नव्हता. त्या हातात गाडी कशी देऊ? आन् पोरगं म्हणलं, 'घरात मोठं माणूस कुणीच नाय. काका देवगावहून निघालेत. ते पोचू द्या, मग अण्णांना सोडा. मला एकट्याला नाय जमणार.' रडत व्हतं. म्हणलं, बेटा, मी बघतो. मग टायरचं खोटं बोललो. दुसरं काय खोटं बोलणार? मला तेवढंच येतं."

कारभारी एकदम म्हणाला, "पाचपर्यंत ती 'आले का' म्हणत होती म्हणे."

"ते मला काय ठावं? मला पोरानं एवढंच सांगितलं. जेवली, जरा आडवी होते म्हणाली. सून दीडला उठवायला गेली तर उठली नाय. डॉक्टरनं बघितलं आन् म्हणाला, झोपेतच गेल्या."

"म्हणजे ती माझी वाट बघत नव्हती."

"झोपलेलं माणूस कुणाची वाट बघतंय?"

"दाराकडं बघत नव्हती."

"नाय भाई."

दीड वाजता. दीड वाजता कारभारी बीडच्या मोंढ्यात आडत्याच्या काट्यावर पाच किलोचं वजन ठेवून आकडा बघत होता. घर तिथून सव्वाशे किलोमीटर होतं. गोकुळनं अजून फोनसुद्धा केला नव्हता. टायर नवा असता, जुना असता, नसताच, तरी काही फरक पडला नसता. त्यानं ते पुन्हा एकदा मनात ठेवून बघितलं. दोन्ही पारडी सारखी राहिली. कुठंच काही कमी पडलं नव्हतं. दुपारी जेवून झोपलेली बायको, आणि लांब आपल्या कामात असलेला नवरा. कुणी कुणाला वाट बघायला लावली नव्हती.

कारभारी खाली बसला, मुख्तारच्या समोरच्या रिकाम्या टायरवर. त्याचे खांदे उतरले. वर्षभर ते वर चढवून ठेवलेले होते हे त्याला खाली आल्यावर कळलं.

मुख्तार त्याच्याकडं बघत होता. "पाणी देऊ?"

"त्या दिवशी तुम्ही खिचडी दिली होती."

"दिली व्हती. तुम्ही हात बी नाय लावला. जाहेदा नाराज झाली. म्हणली, मीठ कमी पडलं का."

"आज आहे का?"

मुख्तारनं आत हाक मारली. "जाहेदा! वजनवाले आलेत. जेवायला मागायलेत!"

आतून आवाज आला, "खिचडी नाय आज. भाकरी हाये आन् वांगं."

कारभारीनं दोन भाकरी खाल्ल्या, आणि वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. भाजी तिखट होती. नाकातून पाणी आलं, डोळ्यांतून आलं, त्यानं ते पुसलं आणि खात राहिला. जाहेदा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आज मीठ बरोबर हाये वाटतं."

"आज सगळं बरोबर हाये, वहिनी."

"शिव्या द्यायला आले व्हते," मुख्तार तिला म्हणाला, "आन् भाकरी खाऊन चालले."

"तुम्हाला कसं कळलं शिव्या द्यायला आलो ते?"

"तीस वर्षं रस्त्यावर बसलोय भाई. गाडी कशी थांबली त्याच्यावरून कळतं."

निघताना मुख्तारनं मागच्या चाकाशी वाकून टायरवर अंगठा फिरवला. मागून, मधल्या पट्ट्यावर. "हा बी मधूनच बसायला लागला. अजून चार-पाच हजार चालंल आरामात. ते जुनं तसं नव्हतं. त्या दिवशी ती काच शिरली म्हणून इथं बसलात. नाय तर सत्तरच्या स्पीडला फाटला असता, आन् तुमच्या पोराला एका दिवशी दोन तिरड्या बांधाव्या लागल्या असत्या. त्या काचेचे उपकार समजा." मग म्हणाला, "नवा घालायचा का? तुमच्या मापाचा हाये. खरंच हाये."

वर्षभर दुसऱ्यांच्या टायरवर अंगठा फिरवणाऱ्या कारभारीनं किक मारली आणि म्हणाला, "पुढच्या फेरीला घालू."

पाचोडच्या पुढं रस्त्याकडेला मोसंबीचे ढीग लागतात. तिथं थांबून त्यानं दोन किलो मोसंबी घेतली. विकणाऱ्याचा काटा अर्ध्या छटाकेनं खोटा होता ते त्याला दिसलं, पण तो बोलला नाही. आडूळ गेलं. ऊन उतरायला लागलं होतं. पन्नासनं जायची काही गरज नव्हती, तरी तो पन्नासनंच गेला. मागं सरूबाई बसलेली नव्हती. बसलेली असती तर ती म्हणाली असती, मागून बघितलंत ना शेवटी. शेवटी बघितलं, असं तो मनात म्हणाला. खांद्यावर हात नव्हता, याचं दुःख होतं तेवढंच होतं. पण आता ते नुसतं दुःख होतं. त्याच्या गळ्यात दुसरं काही बांधलेलं नव्हतं.

घरी पोचला तर गोकुळ फाटकात उभा. हातात फोन.

"गेवराईनंतर फोन नाही केलात. मी पाच वेळा लावला."

"गाडीवर ऐकू येत नाही."

"किती वाजले बघा. कुठं थांबलात?"

"पाचोडच्या अलीकडं. त्या टायरवाल्याकडं."

गोकुळचा हात फाटकाच्या कडीवर होता. तो तसाच राहिला.

"कशाला?"

"असंच. भाकरी खाल्ली त्याच्याकडं."

"काय म्हणाला?"

कारभारीनं पिशव्या उतरवल्या. एका हातात दहा किलो, दुसऱ्या हातात दहा किलो. त्यानं मुलाकडं बघितलं. तेरा महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं असावं, कारण गोकुळच्या कानाजवळ दोन-चार केस पांढरे झालेले त्याला आजच दिसले. त्या दिवशी हा पोरगा घरात एकटा होता. आई कॉटवर, बायको कोपऱ्यात रडणारी, बाप गोटा टायरवर हायवेला. ज्याला कधी लाइटचं बिल भरायला पाठवलं तरी तीनदा फोन करून विचारायचा, त्यानं त्या दिवशी एकट्यानं सगळं ठरवलं होतं. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, कधी सांगायचं. आणि बाप दारात आला तेव्हा त्याच्या हातात द्यायला काहीतरी हवं म्हणून 'आले का' एवढे दोन शब्द त्यानं स्वतःच्या मनानं बनवले होते. चांगल्यासाठी बनवले होते. ते बापाच्या गळ्यात फास होऊन बसले हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काय म्हणाला तो?" गोकुळनं पुन्हा विचारलं.

"टायर चांगला आहे म्हणाला. चार-पाच हजार चालंल."

"आणखी?"

"आणखी वांगं तिखट होतं."

गोकुळनं कडी सोडली. बापाच्या हातातली एक पिशवी घेतली आणि आत गेला.

जेवायला बसले तेव्हा सायलीनं मोसंबी सोलून ठेवली. गोकुळ एक फोड हातात धरून बसला होता, खात नव्हता. मग कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाला, "आई त्या दिवशी तुमचंच विचारत होती, अण्णा. पाचपर्यंत."

सायली ताटात बघायला लागली. कारभारीच्या लक्षात आलं, हिलाही माहीत आहे. पुंडलिकलाही असणार. पायरीवर बसला होता तो, साडेसहाच्या आत देवगावहून येऊन. सगळ्यांनी मिळून धरून ठेवलं होतं, आणि सगळ्यांत जड टोक या पोराच्या हातात होतं.

"मला माहीत आहे, बाळा," कारभारी म्हणाला. त्याला म्हणायचं होतं ते वेगळंच होतं, पण गोकुळला ते नेहमीसारखंच ऐकू आलं. त्यानं मान हलवली आणि फोड तोंडात टाकली.

त्यानंतर कारभारी नीट झोपतो. सोलापूरची फेरी त्यानं कृष्णाकडून परत घेतली. पुढच्या फेरीला मुख्तारकडून टायर बदलून घेतला, आणि या वेळी मुख्तारनं तो दहा मिनिटांत चढवला. जुना टायर जाहेदानं ठेवून घेतला, कढीपत्त्याच्या रोपाभोवती आळं करायला. गल्लीत कारभारी आता कुणाच्या गाडीमागं वाकत नाही. रामकिसन परवा विचारत होता, "काय हो, टायर बघणं सोडलं का? माझा गोटा झालाय, कुणी सांगंना." कारभारी म्हणाला, "मागून बघ, कडेनं बघू नको," आणि पुढं गेला.

सरूबाईची आठवण येते. ती दुपारच्या झोपेतली येते, कुशीवर वळलेली, चेहरा भिंतीकडं.

गोकुळ अजून दर फेरीला गावागावाहून फोन करायला लावतो आणि परत आलं की फाटकात उभा असतो. दोनदा कारभारीनं बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलला. आपल्याला सगळं कळलंय, हे त्यानं गोकुळला अजून सांगितलेलं नाही.